कच्चा रंग

शनि चौकातल्या रहाडीत धप्पा मारलेला
माझा गमछा
कुंदाच्या पांढऱ्या एप्रनसोबत
मशीनमध्ये गेला.

सगळा नाही बिघडला.
एक खिसा, कॉलर,
पाठीवर तिरका गुलाबी ओघळ.

निकमकाकू गॅलरीतून म्हणाल्या,
वाळू देऊ नका. उन्हात तर मुळीच नको.
वाळला, की रंग घर करतो.

मग सातपूरच्या या दोन खोल्यांत
मी बादलीपाशी बसलो.
गार पाणी, मूठभर सोडा,
पुन्हा गार पाणी.
दर खेपेला पाणी थोडं गुलाबी,
मी थोडा कमी दोषी.
दोन वाजता पिळून बघितला.
तीनला परत भिजवला.

पावणेसातची बस, सिव्हिलची लॅब.
कुंदाने एप्रन ट्यूबलाइटखाली धरला.
खिशाच्या शिवणीतला दोरा तेवढा
ऐकत नव्हता.
बोलली काहीच नाही.
ओलसरच चढवला
आणि पेन नेमकं त्याच खिशाला लावलं.

संध्याकाळी चहा गाळताना म्हणाली,
रक्त द्यायला आलेली एक पोर विचारत होती,
मॅडम, रहाडीत गेला होता?

मग?

मग काय.
हो म्हणाले.
सुई टोचेपर्यंत तिला
धप्पा कसा मारला ते सांगत होते.