अर्धा मिलिमीटर

सुबराव चौगुले, वय एकेचाळीस, उद्यमनगरात टर्नर.
तक्रार : तिखट लागतं.
कोल्हापुरात हे वाक्य कुणी सहज म्हणत नाही.
खाली मान घालून म्हणतात, आणि मी
लगेच हातमोजे चढवते.

खर्डा सोडून दोन वर्षं झाली, म्हणाला.
भाकरी दुधात कुस्करून. जेवताना
बायकोकडे पाठ करून बसतो.
मावा? रात्रपाळीपुरता.
रात्रपाळी? रोज.

आ करा.
जेवढं उघडलं त्यात दोन बोटं मावली नाहीत.
टॉर्चच्या उजेडात गालाचं अस्तर
ओल्या चुन्यागत पांढुरकं,
बोटाखाली दोरे लागतात,
बाजेच्या सुंभासारखे ताठ.
जीभ गुळगुळीत, बाहेर यायला बिचकते.

व्हर्निअर लावला. एकोणीस, मी म्हटलं.
त्यानं हात पुढे केला, व्हर्निअर मागून घेतला,
जबडे मिटवले (त्याचे नव्हे, व्हर्निअरचे),
खिडकीशी जाऊन एक डोळा बारीक केला.
"मॅडम, ह्येचा झिरो चुकतोय.
अर्धा मिलिमीटर जास्त दाखवतंय.
साडेअठरा लिवा."

गालाचा तुकडा काढताना हलला नाही.
आठवड्यानं रिपोर्ट : कॅन्सर नाही.
अजून नाही, मी म्हटलं.
'अजून' माझा, रिपोर्टातला नव्हे.

व्यायामाला आइस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या,
दातांत एकावर एक रचायच्या, जमेल तशी वाढवायची.
त्या तशाच परत आणल्या.
सोबत नायलॉनचा स्क्रू, लेथवर काढलेला,
एका आट्याला एक मिलिमीटर,
ओठाला लागू नयेत म्हणून कडा गोल घासलेल्या.
"काड्यांचा काय भरवसा."

तीन महिन्यांनी साडेबावीस.
व्हर्निअर त्याचाच, फडक्यात गुंडाळून आणलेला,
मशीनच्या तेलाचा वास येणारा.
मावा? विचारलं.
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
दसरा चौकात कुणाचा तरी हॉर्न अडकला होता.

ओपीडी संपल्यावर जुन्या फायली काढते.
एकतीस. चोवीस. सोळा.
वर्षभर प्रत्येक तोंड मी
अर्धा मिलिमीटर जास्त उघडं लिहिलं.
येतात त्यांचं दुरुस्त होतं.
सोळाचा शिरोलीच्या फाउंड्रीतला होता,
एकदाच आला. फोन लागत नाही.

सोळावर काट मारते.
साडेपंधरा लिहिते,
बाजूला सही करते,
आजची तारीख घालते.