रकाना सहा

सेतूच्या खोलीत पंखा फिरतो, वारा येत नाही.
खिडकीतला माणूस अर्जावर बोट फिरवत येतो
आणि सहाव्या रकान्यात थांबतो.
माझ्या पोरीकडे बघतो. मग माझ्याकडे.
"भामटा? म्हणजे… खरंच?"
शेजारचं टेबल हसतं.
त्याचा हात नकळत खिशातल्या पेनाकडे जातो.

नववीत असताना वाचनालयात
मी तो जाड कोश दोन्ही हातांनी ओढून काढला होता.
भाबडा वर, भामटा खाली,
मध्ये जेमतेम बोटभर जागा.
अर्थ: लुच्चा, ठक, गर्दीत हात मारणारा.
मूळ: प्रश्नचिन्ह.
मूळ तर तिथून दोन मैलांवर राहत होतं,
मिलच्या मागे, तारेच्या आत.

माझा आजा, हरचंद.
सकाळी हजेरी, रात्री हजेरी, अंगठा.
भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर.
त्यानं विणलेल्या चादरी कुठं कुठं अंथरल्या गेल्या,
त्याला मात्र पासाशिवाय
स्टेशनही बघता आलं नाही.

आणि एकदा चक्क त्याचीच चोरी झाली.
सांच्याजवळ ठेवलेला पितळी डबा,
आत कडक भाकरी, शेंगाचटणी,
तळाशी फडक्यात पाच रुपये, आत्याच्या बाळंतपणाचे.
हवालदारानं सगळं नीट लिहून घेतलं,
टाक झटकला, विचारलं,
"कुठं लपवलास?"

पैशाचं तो नंतर कधी बोलला नाही.
"डब्यावर नाव कोरलं होतं रं," एवढंच म्हणायचा,
"घासून काढलं असंल त्यानं."

आमच्या गल्लीत नरसम्मा विड्या वळता वळता
गूळ पळवणाऱ्या नातवाला हाक मारते, "दोंगा!"
समोरची कानडी म्हातारी, "कळ्ळा!"
पोरगं बोटं चाटत दोघींकडे हसतं.
मीही माझ्या पोरीला कितीदा म्हटलंय, चोरटे, लबाडे.
तो एक शब्द तेवढा
लाडातसुद्धा कधी तोंडातून निघाला नाही.

"पुरावा लागेल. पन्नासच्या आधीचा."
मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आज्याचा पास काढते.
घडीवर फाटलेला, अंगठा अजून जांभळा.
ज्यानं त्याला कोंडलं
तेच आता हिच्या फीसाठी कामाला येतंय.
खिडकीतला माणूस पास उजेडात धरतो. हसत नाही.
"इथं सही," म्हणतो, आणि खिशातलं पेन देतो.

खाली चहाच्या गाड्याशी आल्यावर
पोरगी मूठ उघडते. "आई, पेन."

ऊन मे महिन्याचं, सोलापूरचं.
जिने तीन.
मी पदर डोक्यावर घेतला
आणि आम्ही परत वर चढलो.