ठाव

जेलची बाटली मी काखेत धरून बसते
रात्रपाळीला. बाहेर उणे छत्तीस.
उघड्या छातीवर गार जेल पडलं की मूल दचकतं,
आणि दचकलेल्या मुलाचं हृदय
खरं बोलत नाही.

तू दचकली नाहीस, खुलान.

सरोवराच्या पलीकडच्या काठावरून
मेंढीच्या कातड्यात गुंडाळून आणलं तुला
मुरुनच्या या दवाखान्यात. वय सहा.
हात गार, पाय गार,
नख दाबून सोडलं तर रंग परतायला
एक, दोन, तीन, चार,
पाच.
नाडी सुतासारखी, पळती.
तीन दिवस उलट्या, म्हणाले वडील,
पोटात घोटभर चहा ठरत नाही.
सिस्टर ओद्वालनं मोठी सिरिंज सलाईननं भरली
आणि माझ्या मानेकडे बघत राहिली:
मान हलली की ढकलायचं.

मान हलणारच होती.
वीस वर्षांची सवय. सुकलेलं मूल, पाणी दे.

पण मशीन जुनं, चालू व्हायला चाळीस सेकंद घेतं,
आणि मी तेवढी थांबले.

बरगड्यांखाली प्रोब टेकवला.
तहानलेल्या मुलाची मोठी शीर
ओल्या कागदासारखी चिकटून बसते.
तुझी फुगलेली. श्वासासरशीही मिटेना.
वर सरकले.
केवढं हृदय! तुझ्या मुठीएवढं असायचं ते,
आणि आवळायचंच विसरलेलं.
जराशी थरथर, मग पुन्हा जराशी,
झोपेत कुणी कणीक मळावी तसं.
फुप्फुसांत पांढऱ्या रेघा, वरून थेट खाली.
पाणी आधीच चढत होतं.

"थांब."

ओद्वालचा अंगठा दांड्यावर तसाच राहिला.

मशीन येण्याआधीच्या हिवाळ्यात एक मुलगा होता.
त्याला मी पाणी दिलं होतं.
मग पुन्हा दिलं होतं.
त्याचं नाव मी तुझ्या वडिलांना सांगितलं नाही.

ते भिंतीला टेकून पडद्याकडे बघत होते,
टोपी दोन्ही हातांत.
"हे काय करतेस?"
"आवाज आत पाठवते. तो आपटून परत येतो."
बराच वेळ गप्प.
"बर्फावर गाडी घालण्याआधी मी पहारीनं ठोकतो.
पोकळ वाजलं, तर खाली पाणी जवळ."
"हो. तसंच."
"मग?"
पडदा त्यांच्याकडे वळवून ठेवला होता मीच,
आता लपवू कुठे?
"जवळ आहे," म्हटलं.
त्यांनी मान हलवली, गाडीतून उतरून
चालत जायचं ठरवल्यासारखी.

ॲड्रेनलिन सुरू केलं, मिलीलीटरच्याही अंशांत.
सिरिंजमधलं सलाईन ओद्वालनं बेसिनमध्ये ओतलं,
नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले.
उलानबातर फोनवर म्हणालं, वारा पडला तर
सकाळी विमान. वारा पडत नव्हता.
दर अर्ध्या तासाला मी तुझ्या छातीपाशी.
दोनला तेच. अडीचला तेच.
चारला वाटलं, डावी भिंत किंचित आत आली,
पण चारला काय वाटेल ते वाटतं.

पाचला पुन्हा जेल लावलं.
बाटली खिडकीत राहिली होती,
काखेत धरायची विसरले होते.

तू दचकलीस.