कोरडे पाय

फिजिओथेरपिस्ट माझ्या पाठीत अंगठा रोवते
आणि विचारते, "जड काही उचलता का तुम्ही?"
मी पालथी, नाक खाटेच्या भोकात,
तिचा एक निळा बूट तेवढा दिसतो.
"नाही हो, विशेष काही नाही."

विशेष काही नाही.
ओल्या कपड्यांची टोपली, दोन जिने.
झोपलेला कॅलम, गाडीपासून पलंगापर्यंत,
सात वर्षांचा, बूट माझ्या गुडघ्यांवर आपटत.
आई, टबमधून खुर्चीपर्यंत.
तिचं वजन घटतंय, पण भीती वाढतेय
आणि वजनापेक्षा भीतीच जास्त भरते.

आईची पणजी बेथिया.
आमच्या मोरे किनाऱ्यावर तेव्हा धक्का नव्हता.
होड्या पाण्यात डुलत उभ्या,
आणि ओल्या पायांनी दिवसभर समुद्रात बसलं
तर पुरुषमाणूस आजारी पडणार,
म्हणून बायका लोकरीचे घागरे वर खोचून
नवऱ्याला पाठंगुळी घ्यायच्या
आणि मांड्या बुडतील एवढ्या पाण्यातून होडीपर्यंत न्यायच्या.
मग परत येऊन दीर.
मग सासरा, जो वाटेत सूचना करायचा.
जानेवारीतसुद्धा. आठव्या महिन्यातसुद्धा.
त्याआधी, अंधारात, चुलीपाशी बसून
बाराशे गळांना शिनाण्यांचं मांस लावून झालेलं असायचं.
नवरा होडीत चढला की आधी बूट चाचपायचा.
कोरडे.

गावच्या संग्रहालयात ती होडी आहे.
वल्ही आहेत, होकायंत्र आहे, मालकाचा पाइप आहे.
होडीचं नाव 'बेथिया'.
शाळेच्या सहलीत त्या पांढऱ्या अक्षरांवरून मी बोट फिरवलं होतं;
बाई म्हणाल्या, होडीला बायकोचं नाव देणं शुभ असतं.
अठ्ठावीस होड्यांची नावं आम्ही पाठ केली.
पाठ कुणी दाखवली नाही.

जनगणनेच्या कागदावर
नवऱ्यापुढे लिहिलंय, मच्छीमार.
मुलापुढेही तेच, वय वर्षे तेरा.
तिच्यापुढे एक आडवी रेघ,
कारकुनाने टाक चालतो का ते बघायला ओढावी तशी.

आईला हल्ली माझं नाव सापडत नाही.
परवा टबमधून उचलताना
माझ्या मानेत हात टाकून कानाशी म्हणाली,
"घागरा खोच गं, भिजेल."
मी जीन्स घातली होती.
तरी म्हटलं, "खोचला."
तेव्हा कुठे तिने अंग सैल सोडलं.

फिजिओने व्यायामाचा कागद दिला.
तो फ्रिजवर लावला, शाळेतल्या जेवणाच्या तक्त्याशेजारी.
सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा.
उचलताना गुडघे वाकवा, पाठ नको.
मंगळवारपर्यंत केला.
बुधवारी मासे होते, कागदावर तेल उडालं.

रविवारी कॅलमला घेऊन वाळूवर गेले.
समुद्राला मिळतो तो ओढा आडवा आला
आणि त्याने सवयीने हात वर केले.
मी म्हटलं, आज नाही. बूट काढ.
दोघं अनवाणी उतरलो. गारठ्याने त्याने मला एक शिवी दिली,
शाळेत शिकलेली, मी ऐकली नाही असं दाखवलं.
मधोमध, पिंडऱ्या बधिर झालेल्या असताना,
त्याला बेथियाचं सांगितलं.
तो पलीकडे पोचेपर्यंत गप्प होता.
मग म्हणाला, "आणि तिचे पाय कोण पुसायचं?"

मला माहीत नव्हतं.
आईला माहीत असेल, पण आईला आता विचारायचं कसं.

घरी आल्यावर त्याने टॉवेल आणला,
भांडी पुसायचा, पण आणला.
माझ्यासमोर फतकल मारून बसला
आणि एकेक पाय मांडीवर घेऊन पुसला, घाईघाईत, जोर लावून,
जसा तो कुत्र्याला पुसतो.
बोटांच्या बेचक्या ओल्याच राहिल्या.
मी काही बोलले नाही.
दुसरा पाय पुढे केला.