निशाणी सात, मागची बाजू

पंचनाम्यात मी लिहिलं होतं :
एक पावती, पिवळी, चार घड्यांची,
रुपये अठ्ठेचाळीस हजार,
कर्करोग-निवारण काढा, तीन महिन्यांचा,
खाली सही, वैद्यराज उ. म. शिरवईकर.
मागची बाजू मी उलटून पाहिली नाही.
दोनशे बारा बाटल्या मोजायच्या होत्या त्या दुपारी
सांग्याच्या रस्त्यावर, त्याच्या अंगणात.
वाऱ्याने मेणबत्ती विझत होती
आणि सीलची लाख वितळता वितळत नव्हती.

आता तिसरं वर्ष.
केपेच्या कोर्टात औषध निरीक्षक म्हणून
मी इतक्यांदा उभी राहिले आहे
की बेलीफ माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखतो.
कधी वकील आजारी, कधी न्यायाधीश बदललेले,
कधी मुद्देमालाच्या खोलीची किल्ली मडगावला.
कायदा चोपन्न सालचा.
चमत्कार दर महिन्याला नवा.
पहिल्या गुन्ह्याला फार तर सहा महिने;
इनास फुर्तादोला पावतीनंतर
त्याहून कमी मिळाले.

आज पिएदाद साक्षीला आली.
काळा झगा, हातात छत्री.
बचावाच्या वकिलांनी निशाणी सात मागवली
आणि मी जे केलं नव्हतं ते केलं,
कागद उलटला.
पेन्सिलीने, रोमी अक्षरांत, सहा ओळी.

"हें कोणाचें अक्षर, बाये?"
"म्हज्या घोवाचें."
"वाच."

बांगडे, व्हडले.
सोलां.
उंडे चार, कडक.
तोरांचें लोणचें, आलिसकडल्यान, मागून.

पाचव्या ओळीवर ती थांबली.
मग थेट सहावी :
नाल्ल एक, ल्हान.

"म्हणजे भूक होती,"
वकील न्यायाधीशांकडे बघत म्हणाले, आवाज मऊ करून.
"किती दिवस जेवला?"
"इकरा." तिने बोटं मोजली नाहीत.
"आणि चेहरा?"
"भरिल्लो. इगर्जेंत लोक म्हणटाले, इनास बरो जालो."

पणजीच्या प्रयोगशाळेचा अहवाल माझ्या मांडीवर होता.
गूळ, हळद, पाणी,
आणि बाटलीवर न छापलेलं डेक्सामेथासोन.
भूक त्या स्टेरॉइडची.
गालही त्याचेच.
आतली गाठ तेवढी इनासची, ती वाढतच होती.
सरकारी वकील फेरतपासणीत हे सांगतील,
नीट, कलमासकट,
आणि या बाईच्या अकरा दिवसांना
एका रसायनाचं नाव पडेल.
तीन वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण जिंकणार,
आणि मी पाण्याची बाटली शोधत
उगाच पिशवीत हात घालून बसले.

शिरवईकर मागच्या बाकावर मोबाइल बघत होता.
खिडकीतून त्याची गाडी दिसत होती, नवी.
आत कोणी दोघं त्याची वाट पाहत बसलेली,
एकीच्या डोक्याला रुमाल,
कपाळापर्यंत ओढून, घट्ट.
पिशवीतला हात मी बाहेर काढला.
अहवालाचं पान सरकारी वकिलांपुढे सरकवलं.

पुढची तारीख : चौदा.

व्हरांड्यात पिएदादने विचारलं,
तो कागद मला कधी मिळेल?
पैशांचं ती काही बोलली नाही.
निकालानंतर, मी म्हणाले.
अपील झालं तर अपिलानंतर.
तिने मान हलवली,
रेशनवाल्याला हलवतात तशी.

मग त्याच बाकावर बसून
मी पुरवणी टिपण लिहायला घेतलं :
निशाणी सात, मागची बाजू, पेन्सिल, सहा ओळी.
पाचवीवर बोट फिरून फिरून पुसट झालेलं.
कोणाचं बोट, हे लिहायला रकाना नव्हता.
"पाचवी वाचता येत नाही का?" मी विचारलं.
"म्हाका येता," ती म्हणाली,
आणि छत्री काखेत धरून
रिवणची बस बघायला निघाली.

मी लिहिलं : ओळ पाच, अवाचनीय.
सही केली. तारीख घातली.