फांदीला गुंडाळलेली लोकर

बुधवारी सहाला, शरणपूरच्या देवळामागच्या खोलीत
एलीशामामा फळ्यावर ग्रीक लिहायचा.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसात
कोर्ट-फी तिकिटांचे ताव मोजलेला माणूस,
खडू उचलतानाही अंगठा जिभेला लागायचा.

आम्ही सातजणी, एक पंखा.
"मराठीत आपण सगळं एकाच पातेल्यात रांधलंय," तो म्हणे,
"प्रार्थना, प्रार्थना, प्रार्थना."

देएसिस.
मुळात याचा अर्थ कमी पडणं.
पीठ कमी पडणं,
सत्तावीस तारखेला पगार कमी पडणं.
मागणं नंतरचं. आधी
डब्याच्या तळाला चमचा लागल्याचा आवाज.
हे आम्हाला लगेच कळलं.

प्रोसेउखे. प्रोस म्हणजे कडे.
"कडे"खाली त्यानं तीन रेघा ओढल्या.
इच्छा काय, कुणालाही असते.
तिचं तोंड कुणीकडे, ते हा शब्द सांगतो.

एंतेउक्सिस म्हणजे गाठ पडणं,
मग राजाची गाठ घेऊन दिलेला अर्ज.
इथे मामा खुलला.
"अर्जाला तिकीट लागतं! तिकिटं आम्ही छापायचो!"
मराठीत याला रदबदली,
म्हणजे दुसऱ्याचं काम घेऊन
कलेक्टर कचेरीच्या बाकावर दुपारभर बसणं.

रूथबाई भांबळ, सिव्हिलमध्ये आया.
तिनं वही मिटली.
"रात्री मी चौदा नंबरच्या खाटेपाशी
पेशंटचा पाय धरून नुसती उभी राहते.
मला काही कमी नाही, माझा अर्ज नाही,
तोंड कुणीकडे तेही ठाऊक नाही.
त्याला काय म्हणायचं?"

मामा फळ्याकडे बघत राहिला.
असेल, म्हणाला. पुढच्या बुधवारी सांगतो.

पुढच्या बुधवारी त्यानं ओझरच्या बागेतली
छाटणीची काडी आणली,
मामीच्या अर्ध्या राहिलेल्या स्वेटरची
जांभळी लोकर तिला गुंडाळून.
हिकेतेरिया. इब्री लोकांस पत्रात, एकदाच.
शरण आलेला माणूस हातात धरायचा ती फांदी.
ऑलिव्ह इथं कुठून आणू?
धरायची, बस. धरली की बोललं.

आम्ही हसलो.
लुईझा म्हणाली, जळमटं काढायला बरी.
रूथबाईनं काडी हातात घेतली,
"हिच्यात मेलं वजनच नाही," म्हणाली,
आणि परत दिली.

आमच्या वस्तीचंच नाव शरण.
चार पिढ्या पत्त्यात लिहितोय, पिनकोडसकट.
वाचलं नव्हतं कधी.

मार्चमध्ये मामा नवव्या खाटेवर होता.
जीभ एका बाजूला पडलेली.
ग्रीक गेलं, मराठीही गेली.
मी देएसिस केलं, दोन-तीनदा.
मोठ्या डॉक्टरांची गाठ घेतली, तिकिटाशिवाय.
रात्री दोनला जाग आली
तर पायथ्याशी रूथबाई,
एका हातात फरशी पुसायची काठी,
दुसरा मामाच्या घोट्यावर.
मी सलामसुद्धा म्हटलं नाही.
डोळे मिटून घेतले, झोपल्यासारखे.

ती काडी अजून त्याच्या मोरीत,
ब्रशच्या पेल्यात उभी आहे.
द्राक्षाची काडी पाण्यात फुटते म्हणतात.
ही फुटली नाही.
लोकर मात्र खालून ओली होत होत
वरच्या गाठीपर्यंत आली आहे.