ओट्याची उंची

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी छापील कागदातले दोष शोधले.
रेघ केसभर सरकली, शीट बाद.
शाई जरा फुटली, बाद.
सांगायचं एवढंच, की मी सहज फसणाऱ्यांतला नाही,
आणि फसलोच
तर कितीने फसलो ते मला काढता येतं.

शौनक बोरस्ते. गंगापूर रोडला ऑफिस,
काचेच्या टेबलावर एकच निवडुंग.
जेलरोडच्या आमच्या सहाशे चाळीस चौरस फुटांना
तो स्पेस म्हणाला.
कुमुदने विचारलं, किती दिवस लागतील?
काकू, पंचेचाळीस.
मला आवडलं. मुलगा आकड्यात बोलतो.

पडद्यावर त्याने घर फिरवून दाखवलं.
टेबलावर हिरवी सफरचंदं,
सोफ्यावर कोणी एक बाई, पाय वर घेऊन वाचणारी,
आणि खिडकीबाहेर, शपथ सांगतो, समुद्र.
आमच्या खिडकीबाहेर पाण्याची टाकी आहे.
तिच्यावर कुणीतरी रंगवलंय 'अभिनंदन'.
कुणाचं, ते उडून गेलंय.
देव कुठे ठेवलेत? कुमुद म्हणाली.
ते आपण शेवटी बघू,
आणि त्याने घर पुन्हा फिरवलं.
मी चाळीस टक्क्यांचा चेक लिहिला.
अक्षर छान आलं होतं.

नोव्हेंबरात तोडफोड.
जुना कडप्पा निघाला. त्यावर एक पांढुरका गोल होता,
बावीस वर्षं पोळपाट ठेवून ठेवून पडलेला.
माणसांनी तो गोलासकट गोणीत भरला.

बाल्कनीत शेगडी मांडली. थंडी अशी,
की खोबरेल बाटलीत दगड
आणि गॅसची ज्योत वाऱ्याने आडवी.
पंचेचाळिसावा दिवस आम्ही पिठलं करून साजरा केला.
शौनक फोनवर नेहमी साइटवर असायचा.
कुठल्या, ते आमच्या साइटला कळलं नाही.
सुतार मुन्नालाल भाचीच्या लग्नाला देवरियाला गेला
तो ड्रॉवरच्या चाव्या खिशात घेऊन.
लॅमिनेट ओकच्या रंगाचं ठरलं होतं;
आलं ते चहा सांडून पुसल्यासारखं.

मी टेप घेऊन फिरलो, संध्याकाळभर.
ट्रॉली चार मिलिमीटर खाली.
बाथरूमचं दार कमोडला भेटून परत येतं.
सत्तावीस दोष, क्रमवार, त्याला पाठवले.
उत्तरात जोडलेले हात आले, चित्रातले,
आणि खाली शेवटच्या हप्त्याची आठवण.

मार्चमध्ये नव्या ओट्यावर पहिली पोळी.
कुमुद लाटायला उभी राहिली,
कोपरं हवेत, खांदे कानांशी,
फळीवरचा डबा चोरून काढणाऱ्या मुलीसारखी.
ओटा छत्तीस इंच.
कुमुद चार फूट नऊ.

फोन लावला. नवल, लागला.
काका, ते ड्रॉइंगमध्ये आहे, तो शांतपणे म्हणाला,
तुमची सही आहे त्यावर.

आहे.
पान चौथं, उजवा कोपरा, छत्तीस,
बाणाची दोन्ही टोकं रेघेला नीट टेकलेली.
मी ते भिंग लावून तपासलं होतं.
एक चूक नव्हती.
मागे ती जुन्या ओट्यावर कणीक मळत होती,
तिच्याकडे वळायला
मानेला अर्धा इंचही लागला नसता.

ती रागावली नाही. किंवा रागावली असेल.
माळ्यावरून जेवायचा जुना पाट काढला,
पुसला, त्यावर चढली,
आणि खिडकीतून बघत म्हणाली,
अहो, इथून ते अभिनंदन दिसतं.

देव अजून चपलांच्या कपाटावर, वर्तमानपत्र अंथरून.
पाट दोन इंचांचा आहे.
ती उतरल्यावर मोजला.
अजून दोन हवेत.
दुसरा पाट कुठे ठेवलाय,
तिला विचारायला हवं.